कॉफीतली पावडर

“पार्वतीकाकूंना काय, चालंल की. त्या मासळी खातात,” सुनयना बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

पण तोंडातून सुटलेला शब्द काय परत येतो? केशरच्या हातात पावडरीचा डबा होता. शेजारच्या पार्वतीचेही गुडघे धरले होते, तिलाही वाटीभर द्यावी, एवढंच तिच्या मनात होतं. बेळगावची ही सून घरात आल्यापासून केशरला चहा सोडून कॉफीची गोडी लागली होती, आणि पावसाळा सरल्यापासून त्या कॉफीत रोज एक चमचा गुडघ्याचं औषध पडत होतं. गुणही आला होता. खोटं कशाला बोला, चुलीपुढून उठताना हल्ली ती भिंत धरत नव्हती.

“औषधात मासळी कुठनं आली?” केशरनं विचारलं.

सुनयनानं नवऱ्याकडं बघितलं. म्हाबळू, केशरचा एकुलता एक, उंबऱ्यावर बसून जीपची किल्ली बोटाभोवती फिरवत होता. त्यानं मान खाली घातली.

“कोलॅजन म्हणतात त्याला, आत्ती,” सुनयना चाचरत म्हणाली. “माशाच्या कातडीचं करतात. मीबी घेते रोज, मोबाईलवर बघून. मी ह्यास्नी म्हटलं, आत्तींना सांगूया. हे म्हणाले, नको.”

केशरनं डबा खाली ठेवला.

हाच म्हाबळू पाळण्यात असताना तापानं डोळे फिरवून पडला होता. तेव्हा केशरनं गावच्या सातेरी देवीपुढं पदर पसरला. माझं पोर राख, मी मासळी सोडते. पोर उठलं. आणि सुक्या बांगड्याशिवाय जिला भाताचा घास गिळत नव्हता, त्या बाईनं पुन्हा माशाला जीभ लावली नाही. घरात कालवण तीच करायची, आणि झकास करायची. पण मीठ बघायला रस्सा दुसऱ्या कुणाच्या तरी तळहातावर घालायची. तो तळहात बहुतेक वेळा म्हाबळूचाच असायचा.

“तुला ठावं न्हवतं व्हय रे?”

“आई, त्यात मासा कुठं दिसतोय तुला? पांढरी पावडर ती. ना वास, ना काटा. आणि चालाय लागलीस की न्हाई?”

केशरच्या अंगाचा तिळपापड झाला. चोर तो चोर आणि वर शिरजोर.

“मला विचारायचं हुतंस.”

“विचारलं असतं तर तू न्हाई म्हणली असतीस.”

“म्हंजे मी न्हाई म्हणणार, हे तुला ठावं हुतं. ठावं असून घातलंस.” तिचा आवाज चढला. “अरे, नवस मोडायचाच हुता तर चांगला बांगडा भाजून खाल्ला असता मी. जिभेला चव तरी कळली असती. गाढवबी गेलं आणि ब्रह्मचर्यबी गेलं माझं.”

एरवी सुनयना हसली असती. आता तिनं डब्याचं झाकण घट्ट लावून ठेवलं.

केशरनं फळीवरचा नारळ उचलला आणि ती तशीच देवळाकडं निघाली. चढाची वाट ती तरातरा चढली. गुडघे जरासुद्धा कुरकुरले नाहीत, आणि त्याचाच तिला जास्त संताप आला. मागून म्हाबळू येत होता. तिनं वळून बघितलं नाही. सांगते आता सातेरीला, ती मनात घोकत होती. नाव घेऊन सांगते.

देवळात देवीचा मानकरी झिलू मिराशी होता. इथं देवीपुढं आपलं आपण बोलायचं नसतं. माणसाचं गाऱ्हाणं मिराशानं घालायचं, आणि सोबत आलेल्यानं मागं उभं राहून ‘व्हय’ म्हणायचं. नवसाची चूक कबूल करायची तर चुकणाऱ्याचं नाव सांगावं लागतं, आणि ज्याचं नाव, त्याच्याकडनं देवी झाडा घेते, त्यालाच भोगायला लावते. गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

झिलूनं नारळ देवीपुढं ठेवला. “काय घडलं, केशरबाय?”

“नवस मोडला. पोटात मासळी गेली.”

“कुणाच्या हातनं?”

नाव केशरच्या ओठांवरच होतं. वाटभर तिनं तेच घोकलं होतं. तिनं एकदा मागं बघितलं. म्हाबळू चपला काढून खांबापाशी उभा होता, हात जोडून.

“माझ्याच हातनं,” केशर म्हणाली. “जीभ चाळवली माझी.”

ह्या बाईचा नवस झिलूला माहीत होता. “चुकून खाल्लीस न्हवं?”

“न्हाई. ठावं असून खाल्ली. तसंच सांग.”

झिलूनं हात जोडले. “आई सातेरी, ह्या तुझ्या लेकीनं नवस बोलून, जिभेच्या लोभापायी ठावं असून मोडला गे.”

मागून आवाज आला नाही. झिलू थांबला. त्यानं वळून म्हाबळूकडं बघितलं.

“व्हय,” म्हाबळू म्हणाला. ऐकू येईल न येईल असं.

“मोठ्यानं म्हण,” केशर म्हणाली.

“व्हय.”

नारळ फुटला. उतारावर आल्यावर म्हाबळूनं तिचा दंड धरायला हात पुढं केला. तिनं तो झटकला.

“आई, माझं नाव सांगायचं हुतंस.”

केशर थांबली. तिचे डोळे भरले होते, पण आवाजातला विस्तव तसाच होता.

“तुझ्यासाठी नवस केला, म्हाबळू. तुझ्यापायीच मोडला. आणि आता तुझ्यापायीच देवीपुढं खोटं बोलले. ह्याची भरपाई कशी करू? मासळी तर सोडून झाली. आता काय सोडू, ते तूच सांग.”