गुरुवारचा चिवडा

बाबांचा चिवड्याचा डबा आणायला मी त्यांच्या स्पॅनिशच्या वर्गात गेले. बाबांना जाऊन महिना झाला होता. त्यांची वही सरांना दाखवायची होती.

"ये गं! ज्याचं वाक्य चुकलं त्याने पुढच्या गुरुवारी चिवडा आणायचा, हा आमचा नियम," बाबांबरोबर शिकणाऱ्या देवस्थळीकाकू म्हणाल्या. "तुझे बाबा 'येवार' या क्रियापदावर दर वेळी अडकायचे. नेणं, घालणं, दिवस मोजणं, सगळ्याला एकच शब्द! सहा गुरुवार त्यांचाच चिवडा खाल्ला."

घरी मी त्या तेलकट चिवड्याला हातही लावत नसे.

सरांनी वही चाळली. "छत्री नेतो, टोपी घालतो, नातीला शाळेत नेतो, तीन महिने स्पॅनिश शिकतोय... अहो, सगळी वाक्यं अचूक आहेत!"

"लबाड!" काकूंनी कपाळावर हात मारला. "मुद्दाम चुकत होते!"

वर्गभर हसू फुटलं. मलाही हसू आलं, महिन्याभरात पहिल्यांदा.

"तुम्ही करा एक वाक्य," सर म्हणाले.

मी बाबांचं टोपीचं वाक्य वाचलं, मुद्दाम क्रियापद गाळून.

"चुकलं!" सगळे एका सुरात ओरडले.

रिकामा डबा मी पिशवीत घातला. बाबा पोहे जाड घ्यायचे की पातळ, तेवढं काकूंना विचारून घेतलं.