मागची खोली

घराच्या खरेदीच्या कागदांवर सह्या व्हायच्या आधी वकीलबाईंनी नवराबायकोपुढे जुना नकाशा उलगडला आणि मागच्या अंगणातल्या रेघेवर बोट ठेवलं. “खालून पाण्याची मोठी पाइपलाइन जाते. पाणीखात्याला केव्हाही खणायचा हक्क आहे. वर खोली बांधलीत, तर पाडतील.” बायकोच्या डोक्यात तिडीक गेली. तिथेच तर तिच्या आईची खोली होणार होती! शिवणकाम करणाऱ्या आईने परवाच मशीनची जागासुद्धा टेपने मोजली होती. सासूबाईंना आतली खोली आधीच ठरलेली. “तुला माहीत होतं?” तिने खडसावलं. “घरमालक बोलला होता,” नवरा पेनाशी चाळा करत म्हणाला. “अगं, चाळीस वर्षांत खात्याचं कुत्रंही फिरकलं नाही. बिनधास्त बांधू.” तिने पर्समधून आईची टेप काढून त्याच्यापुढे आपटली. “मग मागे तुझी आई राहील, आत माझी. ऊठ, घे माप.” नवऱ्याने पेनाला टोपण लावलं.