आभाळाकडे मान

गंगी उलटी पडली होती आणि तिला सरळ होता येत नव्हतं. आठ फुटांची अजगराची मादी, पोट वर, मान मागे वळलेली, डोळे आभाळाकडे. सहदेवनं तिला दोन्ही हातांनी पालथं केलं. ती पुन्हा उलटली.

वलगावजवळच्या त्याच्या सापांच्या उपचार केंद्रात नागपंचमीला लोकांनी या वळलेल्या मानेला हात जोडले होते. महादेवाकडे पाहते, म्हणाले. सहदेवलाही तेव्हा बरं वाटलं होतं. आता त्याला स्वतःचीच चीड येत होती.

अकोल्याहून आलेल्या जनावरांच्या डॉक्टर इफ्फत मॅडम ओट्यावर कागद घेऊन बसल्या होत्या. अहवाल आला होता. विषाणू गंगीच्या मेंदूत शिरला होता. त्यावर औषध नव्हतं. एकट्या गंगीला नाही, केंद्रातल्या सहाही अजगरांना सुई देऊन मरण द्यावं लागणार होतं. वनखात्याची परवानगी त्या सोबतच घेऊन आल्या होत्या.

"बाकीचे पाच तं धडधाकट हायेत, मॅडम. परवाच कोंबड्या गिळल्या त्यायनं."

"दिसायला धडधाकट, सहदेवभाऊ. काहींच्या अंगात हा रोग महिनोन्‌महिने दिसत नाही, पण ते दुसऱ्यांना देत राहतात. आंघोळ कशात घालता यांना?"

सहदेवनं कोपऱ्यातल्या निळ्या टबाकडे बोट दाखवलं. येणाऱ्या प्रत्येक अजगराला तो आधी त्यातच भिजवायचा. जखमेवरची घाण निघायची, अंगावरचे किडे सुटायचे. पाणी तो दरवेळी न चुकता बदलायचा. टब मात्र एकच होता.

तो भिंतीला टेकून खाली बसला. पोटच्या पोरांसारखं केलं होतं त्यानं या सहांचं. त्याला रडू आवरेना.

"यायच्यापासून जंगलातले वाचत असतील, तं द्या सुई," तो शेवटी म्हणाला. "मीच धरतो एकेकाले."

इफ्फत मॅडमांनी फॉर्म पुढे ओढला. एकच रकाना भरायचा राहिला होता.

"बरे करून बाहेर सोडले, असे काही आहेत?"

सहदेवचा हात गंगीच्या पाठीवरून फिरत होता. तो थांबला.

"अकरा," तो म्हणाला. "मेळघाटात सोडले. त्याचाच तं गावानं सत्कार केला माहा."