उजव्या हाताला राखाडी

"पायाखाली बघा की जरा. उजवीकडे फरश्या रचून ठेवल्यात, त्या काय उठून तुम्हाला वाट देणार आहेत?"

म्हातारी खेकसली. म्हाताऱ्याने पाऊल डावीकडे टाकलं. फरशीवाल्याच्या आवारातली दोन गिऱ्हाइकं तोंड फिरवून हसली. मुलगा ओशाळला. आईचं तोंड पहिल्यापासून फाटकं, पण वर्षभरात तिने ताळच सोडला होता. सून चार पावलं मागे होती. लग्नाला सहा वर्षं झाली, सासऱ्यांपुढे तिचा आवाज कधी चढला नव्हता.

म्हाताऱ्याला आता उजेड कुठला आणि अंधार कुठला, एवढंच कळत होतं. ही गोष्ट त्याला आणि म्हातारीला, दोघांनाच ठाऊक होती. ती करवादायची आणि त्याला वाट दिसायची.

घराचा मागचा ओटा सात फूट वाढवायचा होता. जुना ओटा म्हाताऱ्याने स्वतः बसवलेला. चाळीस वर्षं त्याने लोकांच्या घरांत फरश्या बसवल्या, तेव्हा हाही मीच बसवणार म्हणून तो अडून बसला होता. मुलगा नाइलाजाने हो म्हणाला होता. डोळ्यांचं त्याला कळलं असतं, तर दुसऱ्याच दिवशी दुसरा गवंडी दारात आला असता आणि म्हातारा खुर्चीत गेला असता. दोरी आणि तळहात एवढ्यावर काम निभेल, याची म्हाताऱ्याला खात्री होती. म्हातारीलाही होती. पण तसं तोंडावर सांगून त्याला शेफारून ठेवायची तिची रीत नव्हती.

फरशीवाल्याने आधी चकचकीत टाइल काढली. म्हाताऱ्याने तिच्यावरून अंगठा फिरवला आणि ओला पाय हिच्यावर ठरायचा नाही म्हणून परत दिली. म्हातारीने विचारलं, हिच्यावर बसायचं की हिच्यात बघून भांग पाडायचा? मग सिमेंटचे ठोकळे आले. म्हाताऱ्याने दोन ठोकळे एकमेकांवर आपटून कान लावला. आवाज बद्द आला. हे अजून आतून कच्चे आहेत, आठ दिवस आणखी पाण्यात ठेव, असं त्याने सांगितलं. फरशीवाला वरमला आणि त्याला मिस्त्री म्हणायला लागला. मुलाचा चेहरा खुलला. इथवर हातांनी वेळ मारून नेली.

शेवटी दगडाची फरशी निघाली. एकाच खाणीतली, एकाच यंत्रावर कापलेली, रंग तेवढे दोन. भिंतीला टेकवून शेजारी शेजारी उभ्या केल्या. म्हातारीने आपलं काम चोख केलं. डावीकडची राखाडी आपल्या जुन्या ओट्याला मिळतीजुळती आहे, म्हणाली. उजवीकडची लाल घातली तर येणारा-जाणारा विचारेल, इथे काय सांडलंय.

तेवढ्यात गाडीवाला घराची वाट विचारायला लागला. मुलगा सांगू लागला तो पहिल्याच वळणाला चुकला. त्याच्या भरवशावर फरश्या भलत्याच गल्लीत उतरल्या असत्या, म्हणून म्हातारी स्वतः फाटकाजवळ गेली. इकडे फरशीवाल्याने उन्हात रंग नीट कळावा म्हणून दोन्ही फरश्या उचलून पुढे आणल्या आणि कट्ट्याला टेकवून ठेवल्या. ठेवताना लाल डावीकडे आली.

मुलाने विचारलं, "बोला बाबा, कुठली घ्यायची?"

म्हातारीची वाट बघायला हवी होती. पण नुकताच मिस्त्री म्हणवून घेतलेला माणूस बायकोसाठी थांबेल कसा? त्याने पुढे होऊन डावीकडच्या फरशीवर तळहात टेकला.

"ही. राखाडी. आपल्या ओट्याची सख्खी बहीण आहे."

फरशीवाल्याने मुलाकडे बघितलं. मुलाने बापाच्या हाताकडे बघितलं, मग बापाच्या डोळ्यांकडे. त्याच्या तोंडातून शब्द फुटणार, तोच मागून आवाज आला.

"बाबा, लाल फरशीवर रेलून राखाडीचं काय सांगताय? राखाडी उजव्या हाताला आहे. नीट हात ठेवून दाखवा, नाहीतर हे लालच उचलून आणतील आणि वर म्हणतील, बाबांनीच सांगितली."

सून बोलली होती. आवारात सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

म्हाताऱ्याचा हात उचलला गेला, दीड वीत उजवीकडे सरकला आणि बोटांनी फरशीवर टकटक केली. "हिचंच म्हणतोय मी," तो म्हणाला. "टेकायलासुद्धा विचारून टेकायचं का आता?"

मुलगा बाप विसरला आणि बायकोकडे वळला. थोरल्या माणसाशी असं बोलतात का, कुठून शिकलीस हे, असं त्याने दबक्या आवाजात विचारलं. तिने मान खाली घातली. फरशीवाल्याने राखाडीवर खडूने खूण केली आणि किती नग लागतील ते विचारलं. म्हाताऱ्याने तुटफूट धरून तोंडी हिशेबाने आकडा सांगितला.

फाटकाजवळ म्हातारी गाडीवाल्याला वाट सांगता सांगता मध्येच थांबली होती. पुढचं वळण कुठलं, हे त्याला दोनदा विचारावं लागलं.

मुलगा मोजमाप लिहून द्यायला मागे राहिला आणि बाकीची तिघं बाहेर निघाली. म्हाताऱ्याच्या उजव्या बाजूला नेहमी म्हातारी चालायची. आज ती एक पाऊल मागे राहिली. सून त्या बाजूला आली. फाटकाखाली लोखंडी रूळ होता, दोन बोटं वर आलेला.

"बाबा, रूळ आहे," सून हलकेच म्हणाली. "सावकाश या."

म्हाताऱ्याने पाय उचलून रूळ ओलांडला. पलीकडे पानटपरीवर चारपाच माणसं उभी होती, ती इकडेच बघत होती.

"एवढं गोड बोलू नकोस," सासू सुनेच्या कानाशी म्हणाली. "लोकांना संशय येईल."