आगाऊ सांत्वन

डॉक्टरांनी कॉरीनला जेमतेम उन्हाळ्यापर्यंतची मुदत दिली आणि ही बातमी रविवारी चर्चमध्ये पोचताच गावातल्या विधवांची तिच्या घरी रीघ लागली. मिनेसोटातल्या त्या गावात दुःखाच्या घरी भरलेलं भांडं घेऊन जायची रीतच होती. कॉरीनच्या वाट्याला पातळ सूप येई. तिच्या नवऱ्याला, क्लिफला मात्र बटाटे आणि चीज घालून भाजलेलं बीफ मिळे, लिंबाचा केक मिळे, वर "किती वाळलास रे, क्लिफ" हेही ऐकायला मिळे.

कॉरीन पडल्या पडल्या सगळं ऐकायची आणि प्रत्येक भांड्यातला एकेक घास चाखून बघायची.

"व्हायोला नको," एके दिवशी ती नवऱ्याला म्हणाली. "तिचा हात खारट आहे, तुझं ब्लडप्रेशर वाढेल. आर्डिस बरी. बोलते जरा जास्त, पण तुला तसंही ऐकू कमीच येतं."

"काहीतरीच काय बोलतेस," क्लिफ म्हणाला आणि त्यानं आर्डिसच्या केकचा आणखी एक तुकडा घेतला.

मे महिन्यात शहरातल्या हॉस्पिटलातून फोन आला. निदान चुकलं होतं. कॉरीनला साधा अल्सर होता, गोळ्यांनी बरा होणारा. फोन ठेवून ती नवऱ्याच्या गळ्यात पडली आणि पोटभर रडली. क्लिफ तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. बऱ्याच वेळानं त्यानं घसा खाकरला.

"हे आर्डिसला तू सांगशील का? माझ्याच्यानं नाही व्हायचं. तिनं घर विकायला काढलंय."