थांबण्याची खूण

तिने हात आडवा केला. वर केबिनमध्ये बसलेल्या क्रेनवाल्याला तो स्वच्छ दिसत होता.

क्रेनच्या पायाशीच नियम मोठ्या अक्षरांत रंगवला होता. उचलण्या-उतरवण्याची खूण एकट्या मुकादमाची. थांबण्याची खूण कुणीही करावी, आणि ती कुणाचीही असो, मानावी. झाडूवाल्याचीसुद्धा. ती तर या कामाची मुख्य इंजिनिअर होती.

क्रेनवाल्याने तिचा हात पाहिला आणि मुकादमाकडे नजर वळवली. मुकादमांना सगळे मामा म्हणत. मामांनी हसत अंगठा वर केला.

सळयांच्या मोळीचं एक टोक जमिनीवरून सुटलं.

"मामा, मोळी उचलायचा पट्टा फाटलाय. तिसऱ्या मजल्यावर सहा माणसं काम करतायत. त्यांच्या डोक्यावरून जाणार आहे ही मोळी."

"मॅडम, तीस वर्षं हेच करतोय मी. तुम्ही फार जिवाला लावून घेता बघा. सावलीत बसा, चहा मागवतो."

ती सावलीत गेली नाही. मोळीचं दुसरं टोक अजून मातीत टेकलेलं होतं, त्यावर जाऊन बसली.

क्रेन थांबली. बसलेल्या बाईला उचलायची हिंमत कुणात नव्हती.

"रुसल्या वाटतं," मागून कुणीतरी म्हणालं. "मामा, समजूत काढा आता."

हशा पिकला. मामा जवळ आले. "उठा मॅडम. बरं दिसत नाही. लोक हसतायत."

"हसू देत. हसायला सगळे जिवंत आहेत, मला तेवढं पुरे. तुम्ही पट्टा बघा, मी उठते."

लहान मुलाचा हट्ट पुरवावा तशा चेहऱ्याने मामांनी पट्ट्यावरून बोट फिरवलं. जिथे तो सळयांवर वळला होता तिथे बोट आरपार गेलं. निम्मे धागे तुटले होते. मामांनी वर, तिसऱ्या मजल्याकडे पाहिलं. त्या सहांत त्यांचा जावई होता.

त्यांनी घाईने वायरलेस तोंडाशी धरला. "खाली घे. पट्टा गेलाय."

वाक्य संपायच्या आत टोक खाली आलं.

"बरं झालं मामा, तुमची नजर पडली," वायरलेसवरून क्रेनवाल्याचा आवाज आला. सगळ्यांनी ऐकला.

देवाने माणसाला जीभ दिली ती अशाच वेळेसाठी. मामांची हलली नाही.

ती उठली. खराब पट्टा तिथल्या तिथे कापून टाकायचा असतो, नाहीतर घाईगर्दीत कुणीतरी पुन्हा तोच लावतो. मोळीवरून पट्टा सोडवून तिने शेजारच्या फिटरकडे कटर मागितलं. फिटरने मामांकडे पाहिलं. तिने हात लांब करून त्याच्या कमरेचं कटर काढून घेतलं आणि मातीत गुडघे टेकून कापायला लागली. पट्टा चिवट होता. तिचे दात एकमेकांवर घट्ट दाबलेले होते.

वायरलेस पुन्हा खरखरला. "मामा, मॅडम पट्टा कापतायत. तुम्ही सांगितलंय का?"

मामांनी तिच्याकडे पाहिलं. तिने मान वर केली नाही.

"हो," मामा म्हणाले. "मीच सांगितलं."

तिने पट्ट्याचे दोन तुकडे केले. मग चार. मग आठ.