अक्षर मोठं कर

"परत बारीक झालं बघ," सुलाबाईंनी टॅब सुनेच्या मांडीवर टेकवला. "मुंगीएवढी अक्षरं. माणसानं वाचायचं कसं?"

अंजलीने कालच ती मोठी करून दिली होती. परवाही. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन जाहिराती बंद केल्या, मागचा रंग काळा केला, अक्षरं पांढरी केली. पण सासूबाईंचं बोट कुठे लागायचं देव जाणे, दुसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न.

"द्या आई, करते."

तिच्या वाट्याला येणारं इंटरनेट तेवढंच. नवऱ्याचं, किशोरचं, देवळाली कॅम्पात मोबाईल दुरुस्तीचं दुकान. साऱ्या बाजाराचे फोन चालू करून देणाऱ्या या गृहस्थाने बायकोचा फोन मात्र काढून घेतला होता. तिने नोकरीचं नाव काढलं, त्याच दिवशी. तेव्हापासून भाजीलाही एकटीने जायचं नाही. दाराशी खुर्ची टाकून सासूबाई बसलेल्या. वॉचमनला निदान पगार तरी असतो. चौथ्या मजल्यावर अंजलीचा जीव नुसता गुदमरायचा.

मग चांदवडच्या भावाच्या कांद्याला काय दर मिळतो ते बघायला सुलाबाईंनी लेकाकडून टॅब मागून घेतला. डोळ्यांनी दिसत नाही म्हणून सुनेला हाताशी घेतलं. अंजलीची गत आंधळा मागतो एक डोळा अशी झाली.

ती आयटीआय झालेली होती. सासूबाईंची अक्षरं मोठी करता करता तिने अंबडच्या एका कारखान्यात अर्ज केला. रोज चोरून मेल बघायचा, मग हिस्टरी पुसायची, कांद्याची पानं तेवढी राहू द्यायची. किशोर संध्याकाळी आल्या आल्या टॅब तपासायचा. एकदा सापडली असती, तर हेही दार बंद झालं असतं, कायमचं.

आज कारखान्याचा मेल आला होता. तिने तो उघडला आणि सुलाबाईंनी टॅब हातातून ओढूनच घेतला.

"झालं ना मोठं? आण इकडं."

"आई, थोडं राहिलंय."

"राहू दे. दिसतंय आता."

दुपारभर अंजलीने तीनतीनदा टॅब मागितला. सुलाबाई तो पदराखाली घेऊन बसल्या त्या बसल्याच. तिच्या हातून पोळ्या करपल्या. रडूही येईना.

किशोर आला. बूटही न काढता त्याने हात पुढे केला. "आई, काय काय बघत होती गं तुझी सून?"

"मला काय इचारतो? तूच बघ."

अंजली भिंतीला टेकून उभी राहिली. किशोरचा अंगठा पडद्यावर सरकत राहिला. एकदा त्याने कपाळाला आठ्या घातल्या. तिने डोळे मिटून घेतले.

"कांदा, कांदा आणि कांदा," तो वैतागून म्हणाला. टॅब आईच्या पुढ्यात टाकला आणि अंघोळीला गेला.

आत नळ सुरू झाला. अंजलीला काही कळेना. सुलाबाईंनी तिला खुणेने जवळ बोलावलं.

"पुसायचं राहिलं व्हतं तुझं, मी पुसलं," त्या हळूच म्हणाल्या. "अन् मंगळवारी बोलावलंय तुला अंबडला. लय बारीक लिव्हतात मेले."